दोन घरांचं एक धुराडं

आमच्या धर्मघराला, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या चौकातल्या घरांना, दारं बारा आणि धुराडी सहा. हे ज्याने बांधलं तो गिल्बर्ट हॅनम लोकरीचा व्यापारी होता, त्यामुळे पुण्य कमावतानाही त्याने विटा वाचवल्या. दोन दोन घरं एकमेकांना खेटून उभी केली, दोघांच्या शेगड्यांमध्ये एकच भिंत ठेवली आणि वर दोघांत मिळून एक धुराडं नेलं. धुराड्याच्या आत मधोमध विटांचा पातळ पडदा, म्हणजे ज्याचा धूर त्याने आपल्या वाटेने न्यावा, आणि टोकाला धूर बाहेर सोडायला मातीची दोन मडकी. माझा नवरा विल्फ गवंडी होता. आम्ही कधी या फाटकावरून गेलो की तो मान वर करून म्हणायचा, "बघ मॉड, त्या पडद्यावर सगळा खेळ आहे. तो ढासळला की दोन्ही घरं गेली." मी म्हणायचे, "तू पुढे बघून चाल." त्याचं बोलणं मी जन्मभर या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

विल्फ गेला, पाठोपाठ भाड्याचं घर गेलं, आणि सदुसष्टाव्या वर्षी मला इथलं सात नंबर मिळालं. एक खोली, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेली खाट, एक शेगडी, चौकाकडे उघडणारी एक खिडकी. मागे कोळशाची अंधारी बोळकंडी, तीही सात आणि आठ नंबरात मिळून एकच. आठ नंबरात हेस्टर क्विल. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, माझ्याआधी पाच वर्षं आलेली. काडीसारखी बाई, पण जिभेला धार.

पहिल्याच सकाळी सातच्या ठोक्याला माझ्या शेगडीच्या मागून आवाज आला. ठक, ठक, ठक. मी दचकून उठले. पुन्हा ठक, ठक, ठक. मग भिंतीपलीकडून आरोळी, "अगं नवी बाई! मेलीस की आहेस?"

"आहे!" मी ओरडले.

"मग शेगडीची सळई घे आणि ठोक तीनदा. इथे तोंडाने ओरडत नाहीत, साऱ्या चौकाला ऐकू जातं."

तेव्हापासून रोज सात वाजता तिचे तीन, माझे तीन. उत्तर आलं नाही तर बोळकंडीतून जाऊन बघायचं, असा आमचा ठराव. तिसऱ्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि मी उत्तर दिलं नाही. हेस्टरने कोळसे फोडायच्या हातोड्याने माझ्या मागच्या दाराची कडी तोडली आणि नऊ दिवस माझ्या उशाशी बसून राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. हे मी विसरले होते असं कुणी समजू नये. मला सगळं आठवत होतं, म्हणून तर सांगायला बसले आहे.

धर्मघराचा आणखी एक नियम होता, हॅनमच्या वेळेपासूनचा. सकाळी आठला वॉर्डनने फाटकावरच्या आपल्या खिडकीत उभं राहायचं आणि धूर मोजायचे. बारा भरले तर बारा जण जिवंत, हिंडते-फिरते, आपलं आपण करणारे. एखादा कमी पडला तर प्रार्थनाघराची घंटा वाजवायची आणि ते दार उघडायचं. आमचे वॉर्डन ऑडलीसाहेब, सैन्यातून आलेले. उन्हाळ्यातही सकाळचा एक तरी धूर दिसलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह. तीन नंबरचा जोब स्पीकमन म्हणायचा, "आपण माणसं नाही हो, आपण बारा चिलमी आहोत. साहेब बघतात कुठली विझली."

दोन वर्षांपूर्वी हेस्टर बर्फावर पडली आणि तिचं उजवं मनगट वाकडं बसलं. डाव्या हाताची बोटं तर आधीच संधिवाताने आखडलेली. बादली उचलता येईना, काडी ओढता येईना. "आपलं आपण करता आलं नाही की टेकडीवर" हा दुसरा नियम सगळ्यांना पाठ होता. मग मीच पहाटे सहाला बोळकंडीतून तिच्याकडे जायला लागले. कालची राख काढायची, शेगडी भरायची, पेटवायची आणि परत यायचं. ती खाटेवरून सूचना द्यायची. "काटक्या आडव्या घाल. अशी कुणी शेगडी भरतं का? गवंड्याची बायको म्हणे." मी म्हणायचे, "तोंड चालतंय तेवढे हात चालले असते तर?" दोन वर्षं हे चाललं आणि ऑडलीसाहेबांचे बाराचे बारा धूर रोज भरले.

टेकडीवर म्हणजे काय ते मला माहीत होतं. आता त्या इमारतीला नगरपरिषदेने वृद्धांचं घर असं गोड नाव दिलं आहे, भिंती हिरव्या रंगवल्या आहेत. माझी आई तिथे गेली तेव्हा नावही गोड नव्हतं. एका दालनात चाळीस खाटा. दोन खाटांमध्ये एक खुर्ची मावायची नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिचे केस पुरुषासारखे कापलेले होते आणि ती मला विचारत होती, "माझं दार कुठे आहे?" तिला तिच्या घराचं दार हवं होतं. तीन महिन्यांनी मागल्या दाराने तिची शवपेटी बाहेर काढली. तेव्हापासून मला जगात एकाच गोष्टीची भीती. मरणाची नाही, त्या दालनाची.

अठ्ठावन्न सालच्या वसंतात विश्वस्तांनी ठरवलं की बारा घरांची सहा करायची. प्रत्येक जोडीतली मधली भिंत, शेगड्या आणि धुराडं पाडायचं आणि दोन खोल्यांचं एक घर करायचं. न्हाणीघर, नळाचं गरम पाणी, गॅसची शेगडी. आर्किटेक्ट लिंडसे म्हणून एक तरुण माणूस आला. त्याने आमच्या खिडक्यांची, कमानींची इतकी स्तुती केली की जोब म्हणाला, "पोरीची एवढी स्तुती कोण करतो? जो घेऊन जाणार असतो तो."

फाटकावर दगडात कोरलंय, "बारा गरिबांसाठी, जग असेपर्यंत." आम्ही सगळे त्या दगडाच्या भरवशावर. दगडात कोरलेलं कसं बदलेल? मीही तेच म्हणत होते. ऑडलीसाहेबांनी एका रविवारी प्रार्थनेनंतर सांगितलं की दगड तसाच राहील, त्याला कुणी हात लावणार नाही. फक्त माणसं सहा राहतील.

"आणि बाकीचे सहा?" जोबने विचारलं.

साहेबांनी आपल्या टोपीकडे बघितलं. "टेकडीवर जागा राखून ठेवल्या आहेत."

प्रत्येक जोडीतून एक. दोघांपैकी ज्याला आपलं आपण करता येत नाही तो जाणार. दोघांनाही येत असेल तर जो आधी आला तो राहणार. नोव्हेंबरच्या बारा तारखेला विश्वस्त घरोघर फिरून बघणार.

मी बाकावरच बसून राहिले. हेस्टर माझ्या पाच वर्षं आधी आलेली. तिचा धूर निघत राहिला तर ती राहणार आणि मी जाणार. आणि तिचा धूर मीच काढत होते.

कुणालाही वाटेल की सरळ होतं. साहेबांना सांगायचं, हेस्टरचे हात गेले. पण नऊ दिवस उशाशी बसलेल्या बाईबद्दल हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि न सांगावं तर चाळीस खाटा. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मी रोज सहाला जात होते आणि माझ्याच हाताने माझं घर जाळत होते. जेवण जाईना. जोब म्हणाला, "मॉडबाई, तुम्ही सुकत चाललात. विश्वस्तांच्या परीक्षेची धास्ती?" मी त्याला असं काही ऐकवलं की तो चार दिवस बोलला नाही.

त्या नियमाने माझं काय होणार ते हेस्टरला कळलं होतं की नाही, देव जाणे. ती मात्र खूश होती. विश्वस्त यायच्या आदल्या आठवड्यात लिंडसेची माणसं साखळीला लोखंडी गोळा बांधून धुराड्यांत सोडून गेली, कुठे अडलं आहे का बघायला. बादलीभर काजळी आमच्या दोघींच्या शेगड्यांत पडली. ती मी झाडत होते तेव्हा हेस्टर खाटेवर बसून मापं घेत होती.

"माझं कपाट तिकडे, तुझ्या खिडकीपाशी. तिथे ऊन चांगलं येतं."

माझ्या खिडकीपाशी! मी झाडत राहिले.

"आणि तुझी खुर्ची इथेच ठेवीन. तू येत जा की चहाला."

"टेकडीवरून?" मी विचारलं.

"बस असते की," ती म्हणाली.

त्या क्षणी माझ्या मनात काहीतरी तुटलं. बस असते की. आज मला वाटतं, तिला बोलायला दुसरं काही सुचलं नसेल. म्हातारी माणसं वाईट गोष्टीवर असंच काहीतरी बोलतात. पण तेव्हा मी ते धरून बसले.

अकरा तारखेला संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या जरा लवकर ये हं. मोठी शेगडी पेटव. विश्वस्तांना ऊब वाटली पाहिजे."

"येईन," मी म्हणाले.

बारा तारखेला सहाला उठले. बाहेर इतकं दाट धुकं की चौकातली विहीर दिसेना. मी माझी शेगडी भरली आणि पेटवली. मग बोळकंडीच्या दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि तो परत घेतला. कुणाला काही सांगायचं नव्हतं, कुणाविरुद्ध बोलायचं नव्हतं. फक्त एक दिवस जायचं नव्हतं. आठ नंबरचा धूर निघणार नाही, साहेब घंटा वाजवतील, दार उघडतील, थंड शेगडी बघतील. जे आहे ते दिसेल. मी खोटं बोलत होते ते थांबवेन, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो.

सात वाजता ठक, ठक, ठक.

मी हलले नाही.

पुन्हा ठक, ठक, ठक. मग थोडा वेळ शांत आणि पुन्हा तीन. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. आठ वाजायला आले तसं मला तिथे बसवेना. शाल घेऊन मी चौकात आले, मडक्यांकडे बघायला. धुकं जरा विरळ झालं होतं, आमचं धुराडं त्यातून दिसत होतं. सातच्या मडक्यातून धूर निघत होता. आणि आठच्याही.

मला आधी खरंच वाटेना. डोळे पुसून बघितलं. आठ नंबरच्या मडक्यातून छान जाडसर धूर निघत होता. फाटकावरच्या खिडकीत ऑडलीसाहेब बोटांवर मोजत होते. त्यांनी मला बघून मान हलवली. "बारा!" ते वरून म्हणाले. "आजच्या दिवशी तरी सगळे वेळेवर."

म्हणजे तिला येत होतं! ते वाकडं मनगट, ती आखडलेली बोटं, सगळं नाटक. दोन वर्षं मी पहाटे थंडीत उठून हिची राख काढली आणि ही बया खाटेवर बसून मला काटक्या कशा घालायच्या ते शिकवत होती. आज गरज पडली तर बरी पेटवता आली. मी तरातरा आत आले. अंगाची लाही लाही होत होती. बादली ओढली आणि माझ्या शेगडीत आणखी चार फावडी कोळसा ओतला. निदान विश्वस्तांना कळू दे, ऊब कुणाच्या घरात आहे.

तेवढ्यात मागून एक ठोका आला. एकच, हलका, काहीतरी भिंतीला लागून पडावं तसा.

"ठोक," मी मोठ्याने म्हणाले. "हात आहेत ना आता? ठोक."

त्यानंतर काही आलं नाही.

दहाला विश्वस्त आले, चार जण, सोबत लिंडसे आणि ऑडलीसाहेब. एक नंबरपासून सुरुवात केली. माझ्याकडे सव्वाअकराला आले, ऊब छान आहे म्हणाले, कपाट बघितलं, माझे हात बघितले. मग आठचं दार ठोठावलं. मी माझ्या उंबऱ्यातच उभी होते, ती काय तोऱ्यात दार उघडते ते बघायला.

दार उघडलं नाही.

"घरातच आहेत," साहेब म्हणाले. "धूर आहे ना वर." त्यांनी पुन्हा ठोठावलं आणि मग आपली किल्ली लावली.

दार उघडलं आणि आतून धूर बाहेर आला. पातळ, पिवळसर, गुडघ्याएवढा. साहेब तोंडाला रुमाल लावून आत गेले आणि लगेच ओरडले, "डॉक्टर! कुणीतरी डॉक्टरला बोलवा!" मी त्यांच्या पाठोपाठ घुसले. हेस्टरने फटींतून वारा येऊ नये म्हणून खिडकी वर्तमानपत्राने चोंदून ठेवली होती. तिची शेगडी थंडगार होती. कालची राख तशीच, मी काल जशी ठेवली तशी. वर काटकीसुद्धा नव्हती.

हेस्टर जमिनीवर पडली होती. पुढच्या दारापाशी नाही. अंगावर शाल, एका पायात बूट, दुसरा बूट हाताखाली, आणि सळई शेगडीपाशी पडलेली. ती बोळकंडीच्या दाराकडे तोंड करून पडली होती. माझ्या घराकडे. तिच्या ठोक्यांना उत्तर आलं नव्हतं, म्हणून ती मला बघायला निघाली होती.

डॉक्टर म्हणाला, धुराने गेली, तीन तास तरी झाले.

काही दिवसांनी धुराडं उतरवायला रेग पॉटर आला, विल्फच्या हाताखाली काम शिकलेला, आता स्वतः पन्नाशीचा. हेस्टरची शेगडी कोण पेटवायचं ते त्याला माहीत नव्हतं. मला बघून बिचाऱ्याला आनंद झाला. "काकू, हे बघा, विल्फकाका असते तर खूश झाले असते." त्याने माझ्या शेगडीच्या वर, हातभर उंचीवर, विटा काढल्या आणि आत हात घातला. मग म्हणाला, "आता पलीकडे जाऊन बघा." मी बोळकंडीतून हेस्टरच्या रिकाम्या खोलीत गेले. शेगडीत वाकून वर बघितलं, तर तिच्या धुराड्यात रेगचा हात आला होता आणि बोटं हलवत होता.

"पावाएवढं भोक आहे!" तो पलीकडून ओरडला. "पडद्याचा चुना जळून गेलेला होताच, त्या गोळ्याने वीट पाडली. आता इकडची शेगडी पेटली की दोन्ही मडक्यांतून धूर निघणार!"

मी परत आले. "पण मग इतके दिवस काही झालं नाही ते?"

"दोन्ही पेटलेल्या असतील तर काही होत नाही, काकू. दोन्ही धुराडी गरम, सगळं वर ओढलं जातं. एक पेटलेली आणि एक थंड, तेव्हा घात. त्यात धुकं. थोडा धूर वर गेला, बाकीचा थंड बाजूने खाली बसला." त्याने हात पुसले. "त्या बाईंनी त्याच दिवशी शेगडी का पेटवली नाही, कोण जाणे. पेटवली असती तर आज जिवंत असत्या."

मी खुर्चीवर बसले. रेगने पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी मी ऑडलीसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सहाची पहाट, दोन वर्षं, कडीवरचा हात, चार फावडी कोळसा. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं ते मला फाटकाबाहेर काढतील. खरं सांगते, काढलं असतं तर बरं झालं असतं. मी टेकडीवर चालत गेले असते.

ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "मिसेस टँडी, मी बारा मोजले. तिचे ठोके आले तेव्हा तुम्ही गेला नाहीत, पण मी बारा मोजले आणि नाश्ता करायला बसलो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, साहेब."

"तुम्हालाही नव्हतं."

"मला एवढं माहीत होतं की ती ठोकतेय."

साहेबांनी खिडकी लावून घेतली. शेवटी म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. त्याने कुणाचं भलं होणार नाही." मग त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, हातात हात घेऊन, विधवेला पोचवतात तसं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. माझा गुन्हा मला एकटीचा हवा होता, त्यातही कुणी वाटेकरी नको होता.

सहा जण टेकडीवर जायचे होते, त्यातली एक जागा आमच्या जोडीने रिकामी ठेवली. जोब गेला. जाताना म्हणाला, "मॉडबाई, तुम्ही सुटलात." गंमतीत नाही म्हणाला, मनापासून म्हणाला.

आता माझ्याकडे दोन खोल्या आहेत. न्हाणीघर आहे, नळ फिरवला की गरम पाणी येतं. गॅसची शेगडी बटण दाबून पेटते, तिला धूर नाही, मडकी नुसती शोभेसाठी छपरावर परत बसवली आहेत आणि साहेब आता काही मोजत नाहीत. ऊन हेस्टरने सांगितलं होतं तसं माझ्या खिडकीपाशीच येतं. लिंडसे पाहुण्यांना घेऊन येतो आणि दाखवतो, इथे भिंत होती, बघा किती मोकळं झालं.

सातला मला जाग येते. मी सळई घेऊन उठते आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहते. उत्तर द्यायचं राहिलंय, तीन ठोक्यांचं. पण तिथे आता भिंत नाही.